‘कशावरून’ विचारणारे चाचा

पनवेलमध्ये फ्लेक्स छापणाऱ्या आमच्या चाचांना, ते चांगले चालते-बोलते असताना, भर चौकात श्रद्धांजली वाहण्यात आली. कधी, तर गेल्या बकरी ईदच्या आदल्या दिवशी. बॅनर बांधला गेला फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजेच्या आधी आणि लोकांना दिसला तो नमाज सुटल्यावर. अन्याय चाचांवर झाला, आणि त्यांच्यापेक्षा जास्त चाचींवर. हे आधीच लिहून टाकते, कारण गावात आता वेगळीच कुजबुज सुरू आहे. म्हातारा आगाऊ होता, मोठ्या माणसाची खोडी काढली, मग असं होणारच. होणारच म्हणजे काय? पाऊस आहे का तो, आपोआप पडायला?

बॅनर पुरुषभर उंचीचा, विजेच्या दोन खांबांमध्ये ताणून बांधलेला. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. मध्ये हार घातलेला चाचांचा फोटो, खाली पणती. मुसलमान माणसाच्या फोटोखाली पणती, म्हणजे छापणाऱ्याने नेहमीचा साचा उघडला आणि त्यातला फोटो तेवढा बदलला. त्याखाली ठळक अक्षरांत, ‘प्रामाणिक, न्यायप्रिय, संयमी, धैर्यवान व मनमिळाऊ’. आणि शेवटी, ‘शोकाकुल: समस्त मित्रपरिवार’.

मला एका रिक्षावाल्याचा फोन आला. मी पोचले तेव्हा चाचा त्या बॅनरच्या खालीच उभे होते. डोक्याला टोपी, हातात पावाची पिशवी. आजूबाजूची माणसं अंतर राखून उभी होती, जसं अपघातात उभी राहतात. चाचा मान वर करून वाचत होते.

“पिवळी शाई संपत आलीय यांच्या मशीनची,” ते मला म्हणाले. “बघ, तोंड निळं पडलंय माझं.”

“चाचा, चला इथून.”

“थांब. मनमिळाऊ लिहिलंय. मी? कशावरून?”

मला हसू आलं. मग माझं लक्ष पावाच्या पिशवीकडे गेलं. ती त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

तोवर गल्लीत एक बाई चाचींच्या दारात पोचली होती आणि त्यांच्या गळ्यात पडून रडायला लागली होती. नवरा नमाजेला गेलाय, अजून आला नाही, आणि ही रडतेय. चाची अनवाणी धावत सुटल्या, मशिदीपर्यंत. वाटेत पडल्या, गुडघा फुटला. शारजातल्या मुलीच्या फोनवर बॅनरचा फोटो आमच्याही आधी गेला होता. तिने बापाच्याच नंबरवर फोन लावला, तिकडे कोण उचलेल हे तिला तरी कुठे माहीत असणार. चाचांनी उचलला आणि म्हणाले, “बोल बेटा.” तिकडून नुसता श्वास ऐकू येत होता, असं चाचा सांगतात. ईदला त्या घरात मटण शिजलं, पण कोणी जेवलं नाही.

आता चाचा कोण, ते सांगते.

तळ्याच्या बाजूच्या जुन्या गल्लीत त्यांचा गाळा. आत एक फ्लेक्सचं मशीन, एक कॉम्प्युटर, आणि शाईचा असा उग्र वास की पहिल्यांदा येणाऱ्याचं डोकं धरतं. गाळ्यावरचं छप्पर जुन्या बॅनरचं, पडदा जुन्या बॅनरचा, स्कूटरच्या सीटलाही जुनाच बॅनर गुंडाळलेला. “कार्यसम्राटावर बसून फिरतो मी,” म्हणायचे. हायवे ओलांडून पलीकडे ते कित्येक वर्षांत गेले नव्हते. कामोठे, रोडपाली हे सगळं त्यांच्या लेखी ‘तिकडे’. मी रोडपालीला राहते हे कळल्यावर त्यांनी मला विचारलं होतं, “तिकडे भाजी मिळते का ताजी?” चेष्टा नव्हती ती. रस्ता ओलांडायची त्यांना खरोखर भीती वाटायची. कुत्र्यांची वाटायची, इंजेक्शनची वाटायची. हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटेल मी कुणा वाघाची गोष्ट सांगतेय.

चालताना ते गावातले बॅनर मोठ्याने वाचायचे. नाव सोडून द्यायचे, विशेषण तेवढं वाचायचे. “कर्तव्यदक्ष. निष्ठावंत. हा पण निष्ठावंत. हा मागच्या साली तिकडे निष्ठावंत होता.” बरोबर चालणाऱ्याची पंचाईत व्हायची, कारण बॅनरमधल्या माणसाचा भाचा हमखास शेजारच्या पानाच्या टपरीवर उभा असायचा.

त्यांच्या गाळ्याचा नियम एकच. चांगुलपणाचा कोणताही शब्द छापायचा असेल तर आधी एक प्रसंग सांगायचा. तोंडी, उभ्या-उभ्या, काउंटरपाशी. ते कुठे टिपून ठेवायचे नाहीत, पडताळून पाहायचे नाहीत. ‘प्रामाणिक’ म्हणालात की चाचा चष्मा वर करणार आणि विचारणार, “कशावरून?” सांगितलंत की छापणार. नाही सांगता आलं तर म्हणणार, “मग ‘शुभेच्छा’ लिहू. शुभेच्छांना पुरावा लागत नाही.”

अर्ध्या गिऱ्हाइकांना हा माणूस चक्रम वाटायचा आणि ती दुसऱ्या दुकानात जायची. कामोठ्याचे एक क्लासवाले सर स्वतःचाच बॅनर करायला आले होते, ‘विद्यार्थ्यांवर पोटच्या पोरासारखं प्रेम करणारे’. चाचांनी कशावरून विचारलं तर म्हणाले, “रिझल्ट बघा.” चाचा म्हणाले, “तो मुलांचा. तुमचा सांगा.” सर तडक उठले. गाळ्याबाहेर जाऊन परत आत डोकावले आणि म्हणाले, “तुमच्यासारख्या माणसाने धंदा करूच नये.” चाची पडद्यामागून म्हणाल्या, “खरं बोलला.”

चाचींचा वेगळाच राग. एकदा माझ्यासमोरच म्हणाल्या, “गावाला विचारतो कशावरून. घरात चाळीस वर्षं जेवतोय, कधी म्हणाला का जेवण चांगलं झालं? तेव्हा याचा पुरावा कुठे जातो?” चाचा मशीनमध्ये डोकं घालून बसले. घरात ते हट्टी होते, तुसडे होते, मुलीच्या लग्नात व्याह्यांशी भांडले होते. चांगुलपणाची चौकशी करणारा माणूस स्वतः गोड असतोच असं नाही.

एक मुलगा आला होता, बापाच्या श्रद्धांजलीचा बॅनर करायला. बाप रिक्षा चालवायचा. मुलाने कागदावर आणलं होतं, ‘प्रेमळ’. चाचांनी विचारलं. मला वाटलं, आज तरी नको विचारायला. मुलगा चिडला, मग म्हणाला, “पहाटेच्या पाळीला जायचे ना बाबा, तर रिक्षा गल्लीत चालू नाही करायचे. ढकलत न्यायचे कोपऱ्यापर्यंत. शेजारी एक म्हातारी होती, तिला झोप लागायची नाही रात्रभर, पहाटे जरा डोळा लागायचा. ती गेली त्यानंतर पण ढकलतच न्यायचे. सवय म्हणून.”

चाचांनी चष्मा काढून पुसला. “याला प्रेमळ नाही म्हणत. यात अक्कल आहे. आणि सबर.”

“चाचा, प्रेमळच लिहा. आईला तेच हवंय.”

“लिहितो ना. सांगितलंस, आता काहीही लिही.”

ही अक्कल आणि सबर काय भानगड आहे, ते मला पुढे कळलं. चाचांचं म्हणणं असं की माणसाच्या चांगुलपणाची नावं शंभर असतील, पण मूळ चीजा चारच. हिंमत, इन्साफ, सबर म्हणजे संयम, आणि अक्कल. बाकी सगळं मिश्रण. मशीनला बाटल्या चारच असतात, निळी, गुलाबी, पिवळी, काळी, आणि त्यातून आंब्याचा रंग पण येतो आणि नेत्याच्या गालाचा पण. मी विचारलं, मग हिंमत कुठली, गुलाबी का? तर वैतागले. “असं असतं का? शाळेत आहेस का तू?” त्यांना सांगायचं होतं ते वेगळंच. एक बाटली संपली तर चित्राचा चौथा हिस्सा जात नाही. सगळं चित्र बिघडतं. पिवळी गेली की झाडं निळी पडतात आणि माणसं मेल्यासारखी दिसतात, आणि बाकीच्या तीन बाटल्या मात्र काठोकाठ भरलेल्या असतात.

“आणि दया?” मी म्हणाले. “दया तुमच्या यादीतच नाही.”

“दया म्हणजे पांढरा. पांढऱ्याची बाटली येत नाही. फ्लेक्सच पांढरा असावा लागतो.”

मला हे पटलं नव्हतं. आजही पूर्ण पटलेलं नाही. कारण त्या चारातल्या एका शब्दाने माझ्या घराचं वाटोळं केलंय. माझा बाप मिठागरावर वाढला. नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या तेव्हा प्रत्येक मोर्च्यानंतर, प्रत्येक बैठकीनंतर आमच्या माणसांना एकच गोष्ट ऐकवली गेली, संयम ठेवा. ठेवला. बाप संयम ठेवत ठेवत म्हातारा झाला. तेव्हा मी चाचांना सुनावलं की तुमचा सबर हा गरिबाला गप्प बसवायचा शब्द आहे, आणि तो नेहमी खुर्चीवर बसलेला माणूस जमिनीवर बसलेल्याला सांगतो.

मशीन चालू होतं, कुणाच्या तरी साखरपुड्याचा बॅनर हळूहळू बाहेर येत होता.

“बरोबर बोललीस, लीडर,” ते म्हणाले. मला ते लीडर म्हणायचे, कौतुकाने अजिबात नाही. “तुझ्या बापाकडून इन्साफ काढून घेतला आणि सबर तेवढा चालू ठेवला. एकाच बाटलीवर मशीन चालवलं. काय येणार बाहेर? माणूस ओळखू पण येत नाही.”

घरी येऊन मी बापाकडे बघितलं. बघवलं नाही.

चाचांशी माझी ओळख पत्रकांवरून झाली. रोडपालीच्या रस्त्यावर न्हावा शेव्याच्या बंदरात जाणारे ट्रेलर दिवसभर उभे असतात. एका शेठचं कंटेनर यार्ड आहे, आत जागा कमी पडते म्हणून गाड्या बाहेर, दोन्ही कडांना. शाळेची पोरं ट्रेलरच्या मागून वाकून बघतात, गाडी येतेय का, आणि मग पळतात. आम्ही दहाबारा जणांनी समिती काढली. नाव ठरवलं ‘निर्भीड रस्ता हक्क समिती’. बॅनर करायला मी चाचांकडे गेले.

“निर्भीड. कशावरून?”

“आम्ही निवेदन दिलं.”

“देताना भीती वाटली?”

“अजिबात नाही,” मी ताठ मानेने म्हणाले.

“मग निर्भीड कसले? भीतीच वाटली नाही तर त्यात हिंमत कुठे आली? तू नुसती गेलीस आणि आलीस. घाबरून दिलं असतंस तर आत्ता छापलं असतं.”

मी भांडले. तावातावाने भांडले. शेवटी बॅनरवर नुसतंच ‘रस्ता हक्क समिती’ आलं. आणि माझ्या पत्रकातला ‘निर्लज्ज शेठ’ पण त्यांनी अडवला. शिवीलासुद्धा तोच नियम, प्रसंग सांगा. मी ट्रेलरचं सांगितलं. ते म्हणाले, “हा लोभ झाला. लाज आहे की नाही, ते तुला काय माहीत? लोभी लिहू?” लोभी लिहिलं. आज ते पत्रक वाचते तेव्हा वाटतं, ‘निर्लज्ज’ लिहिलं असतं तर शेठ हसला असता. ‘लोभी’ त्याला लागलं. हे मला त्याच्या यार्डात काम करणाऱ्या माझ्याच भावाकडून कळलं.

हो, माझा भाऊ त्याच यार्डात कामाला आहे. आणि शेठ आमच्याच भावकीतला. म्हणून या पत्रकातली प्रत्येक ओळ लिहिताना मला धाकधूक आहे.

आता शेठच्या वाढदिवसाचं. ईदच्या थोडेच दिवस आधीची गोष्ट. शेठचा उजवा हात, त्याला सगळे भाऊच म्हणतात, तो मजकूर घेऊन गाळ्यावर आला. मी तेव्हा तिथेच होते, आमच्या सभेचा बॅनर सुकायची वाट बघत. मजकूर होता, ‘धाडसी, दानशूर, न्यायप्रिय नेतृत्व’.

चाचांनी चष्मा वर केला. भाऊला नियम माहीत होता, तो तयारीनेच आला होता. धाडसी कशावरून? “पुरात सोताच्या हातान म्हातारा काढलाय शेठनी, गल्याएवढ्या पान्यातून. मी दोर धरला होता.” चाचा म्हणाले, छापतो. दानशूर? शाळेला वह्या दिल्या. मी मध्ये तोंड घातलं, “त्या वह्यांच्या कव्हरवर स्वतःचाच फोटो होता.” चाचांनी माझ्याकडे पाहिलं देखील नाही. “पोरांनी लिहिलं ना त्यात? मग छापतो.” मला इतका संताप आला की मी बाहेर जाऊन उभी राहिले. तिथूनही ऐकू येत होतं.

“न्यायप्रिय कशावरून?”

“सगल्यांची भांडनं मिटवतो शेठ.”

“कशी?”

“बोलावतो आनि मिटवतो.”

“दोघंही खूश होऊन जातात?”

भाऊ थांबला. “एक तरी जातो,” म्हणाला. मग स्वतःच हसला.

“दुसरा काही सांग,” चाचा म्हणाले. भाऊने डोकं खाजवलं, वर बघितलं, फोन काढला, परत ठेवला. “आसंल हो. आता आठवत नाय.”

“मग जागा ठेवतो. आठवलं की ये, वरून चिकटवून देतो.”

“ठेवा,” भाऊ म्हणाला. “चाचा, तुमची मस्करी काय जात नाय.”

चूक इथे झाली. भाऊला ती मस्करी वाटली. छापायच्या शब्दाची चाचांनी आयुष्यात मस्करी केलेली नव्हती. गुंडाळी तशीच नेली, पोरांनी तशीच चौकात चढवली, आणि सकाळी सगळ्या गावाने वाचलं, ‘धाडसी, दानशूर,’ मग हातभर पांढरी जागा, मग ‘नेतृत्व’. चहावाल्याकडे कोणीतरी म्हणालं, “गाळलेली जागा भरा, एक मार्क.” दुपारपर्यंत प्रत्येक फोनवर तो फोटो होता. लोकांनी जागा भरायला सुरुवात केली. काय काय भरलं ते इथे लिहीत नाही, लिहिलं तर चाचा विचारतील. बॅनर दुपारी उतरला. शेठ केक कापताना हसत होता, असं भाऊ सांगत होता. माझा भाऊ. हसत होता, पण केक भरवताना कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हता.

त्या संध्याकाळी मी चाचांकडे पेढे घेऊन गेले होते. त्यांनी हात लावला नाही.

“तू खूश का झालीस?” ते म्हणाले. “त्याच्यात हिंमत आहे. गळ्याएवढ्या पाण्यात उतरणारा माणूस आहे तो. मला त्याचीच भीती वाटते. डरपोक असता तर इन्साफ नसूनही चाललं असतं.”

त्यांना आधीच कळलं होतं. मला कळलं नव्हतं.

श्रद्धांजलीचा बॅनर लागल्यावर आम्ही पोलिसांत गेलो. चाचा, मी आणि गुडघ्याला पट्टी बांधलेल्या चाची. घरातून निघताना आई दारात उभी राहिली होती. “तुजा भाव त्याच्याच यार्डान हाय, ठावं हाय ना? मंग कशाला जातेस? म्हातारा जित्ता हाय, झाला ना. आनखी काय पायजे?” मी चपला घातल्या आणि निघाले.

ठाण्यातल्या साहेबांनी फोनवरचा फोटो मोठा करून नीट वाचला. “प्रामाणिक, न्यायप्रिय, संयमी,” ते म्हणाले. “चांगलंच लिहिलंय की तुमच्याबद्दल. यात तक्रार कशाची?”

ऐका. जिवंत माणसाला मेला म्हणून चौकात टांगलं, आणि आमच्याकडे तक्रारीला जागा नाही, कारण शब्द चांगले आहेत. हे शब्द आता इतके पोकळ झालेत की त्यांच्या आत धमकी भरून पाठवता येते आणि बाहेरून कौतुक वाचलं जातं. ‘संयमी’ म्हणजे गप्प बस. ‘धैर्यवान’ म्हणजे पाहू किती दिवस. चाचांना ते सगळं बरोबर वाचता येत होतं. गावातल्या प्रत्येकाला येत होतं. फक्त कायद्याला येत नव्हतं.

“याला वेगळा रंग देऊ नका,” साहेब म्हणाले. आम्ही कुठलाच रंग दिला नव्हता. मग त्यांनी तक्रार लिहून घेतली, माझंही नाव त्यात घातलं, आणि विचारलं, “बांधताना कोणी पाहिलं?” चौकातला कॅमेरा बंद होता. आम्ही कोणीच पाहिलं नव्हतं. “मग कठीण आहे,” ते म्हणाले. “एक तरी माणूस आणा, ज्याने डोळ्यांनी बघितलं.”

बाहेर आल्यावर चाचा पायरीवर बसले. त्यांना घाम फुटला होता. चाची म्हणाल्या, “चल आता. इथे बसून काय, परत बॅनर लावायचाय का?” आणि त्यांचा हात धरून त्यांना उठवलं. लग्नानंतर त्या दोघांनी गावात एकमेकांचा हात धरलेला पहिल्यांदाच पाहिला, असं शेजारची बाई नंतर म्हणाली.

तेव्हापासून रोज सकाळी मी वाट वाकडी करून त्या गल्लीतून जाते. शटर वर असेल तर जीव भांड्यात पडतो. कधी अर्धं असतं, कधी बंद. गाळ्याच्या मालकाने सांगितलंय, जागा खाली करा. वाईट माणूस नाही तो. मला म्हणाला, “ताई, माझी पण पोरं आहेत. कोणी केलं ते उघड झालं तर मी पण उभा राहीन. ते झालं नाही, तर लोक म्हणणार, म्हाताऱ्याचंच काहीतरी असेल. मग मी कुणाकुणाला तोंड देऊ?” दिवाळीपर्यंतची मुदत दिलीय. दिवाळी लांब वाटते, पण तशी ती कधी लांब नसते.

भावाला यार्डातून अजून कोणी काही बोललेलं नाही. तेच जास्त लागतं. तो घरी येतो, जेवतो, माझ्याशी बोलत नाही. आई त्याच्या चपलांचा आवाज ऐकला की उठून बसते.

मागच्या आठवड्यात मी गाळ्यावर गेले होते. एक तरुण पोरगा आला होता, कोणत्या तरी मंडळाचा. फोनवरून मजकूर वाचून दाखवला, “प्रामाणिक, निःस्वार्थी, न्यायप्रिय.” मी चाचांकडे बघितलं. आता चष्मा वर जाणार म्हणून वाट बघत राहिले. चष्मा गेला नाही. त्यांनी कॉम्प्युटरवर शब्द टाइप केले आणि विचारलं, “साइज काय?”

पोरगा गेल्यावर मी म्हणाले, “चाचा, विचारलं नाहीत.”

“त्याने दिलं, मी छापलं.”

“पण तुम्ही…”

“लीडर,” ते म्हणाले, “तिकडून रात्री फोन आला होता, शारजाहून. पोरगी विचारते, अब्बा, आता तरी बंद कराल का ते? रडत होती. मी म्हणालो, केलं.” मग मशीनकडे वळले. मशीन चालू झालं आणि तीन शब्द स्वच्छ, भरघोस रंगात बाहेर आले. चारही बाटल्या भरलेल्या होत्या.

बॅनर लागला त्या दिवसापेक्षा मला त्या दुपारी जास्त भीती वाटली. या गावात चांगल्या शब्दाला अडवणारं एकच दार होतं. ते आता सताड उघडं आहे. उद्यापासून कोणीही न्यायप्रिय होईल, कोणीही प्रामाणिक होईल, आणि ज्यांनी जिवंत माणसाला टांगलं ते सगळ्यात आधी होतील.

म्हणून हे पत्रक छापून मी चौकात वाटतेय, आणि ते तुमच्या हातात आहे. यातला एकही शब्द मी चाचांकडून तपासून घेतलेला नाही, त्यांना यात ओढलेलं नाही. मी सरळ तुमच्याशी बोलतेय. दोन खांबांना पुरुषभर बॅनर ताणून बांधायला शिडी लागते, दोन माणसं लागतात आणि चांगला वेळ लागतो. फजरच्या आधी तो चौक रिकामा नसतो. तिथे पेपरचे गठ्ठे सुटत असतात, दुधाच्या क्रेट उतरत असतात, मासळीच्या बायका टेम्पोची वाट बघत असतात, रिक्षांची रांग असते, तळ्याला फेऱ्या मारायला निघालेले असतात. त्यातल्या कोणीतरी शिडी बघितली. त्यातल्या कोणीतरी शिडी धरणाऱ्याला ओळखलंही. तुम्ही मान फिरवलीत, कारण तुमचाही भाऊ कुठल्या तरी यार्डात आहे. माझाही आहे.

येत्या सोमवारी सकाळी पोलीस ठाण्याच्या फाटकाशी मी उभी असेन. या, आणि वर कोण चढलं होतं, खाली कोण होतं, ते साहेबांना सांगा. सांगून झालं की खाली स्वतःची सही करा.